कोण, कोणाला, काय

बल्गेरियाच्या डोंगरातल्या गोर्नो लिपोवो गावात लग्नाचा आहेर पुकारायचा मान मिन्चोचा. एरवी तो बेकरीच्या भट्टीपुढे भाजून निघणारा साधा माणूस. पण लग्नात एकदा खुर्चीवर चढला की त्याचा रुबाब बघून घ्यावा! सगळं अंगण ओरडायचं, "कोण कोणाला काय देतंय?" तिथल्या बोलीत हे तिन्ही प्रश्न वाक्याच्या तोंडाशीच गर्दी करतात, आणि 'कोण' आपला पहिला नंबर काही सोडत नाही. मिन्चोही त्याच क्रमानं गरजायचा, "इल्को, नवरदेवाला, गालिचा!" आहेर कोणालाही देता येई, नवरीला, विहिणीला, अगदी वाजंत्र्यालाही. मात्र एकही नाव गाळायचं नाही. ज्याचं नाव आलं नाही त्यानं काहीच दिलं नाही, असा सरळ हिशेब होता.

वेलिकाच्या मुलाच्या लग्नात गावाच्या टोकाला राहणारी विधवा स्तोइना गर्दीतून आली, मिन्चोच्या हातात पुडकं कोंबून परत गर्दीत मिसळली. त्यानं कोपरा उचकटून पाहिलं, तर लोकरीचे मोजे. नुकतंच त्यानं कपडे धुण्याचं मशीन पुकारलं होतं. त्यावर मोजे? लोक खिदळतील, बिचारीची शोभा होईल. खरं तर आपलीच रंगलेली मैफल बिघडेल, हीच त्याला धास्ती होती. त्यानं पुडकं खुर्चीखाली सरकवलं.

"कोण कोणाला काय?" लोक विचारत राहिले. दर वेळी स्तोइना मान उंचावून बघायची. शेवटी मिन्चो म्हणाला, "संपलं!"

"स्तोइनाबाई, हात हलवत आलात ना?" वरमाय वेलिकानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "आता जेवून तरी जा पोटभर!"

अंगण हसलं. स्तोइना ताटाला हात न लावता उठून गेली.  मिन्चोला खरं सांगायला अजूनही वेळ होता, पण त्यानं पुडकं काखेत मारलं आणि घर गाठलं.

सकाळी तो पुडकं घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "स्तोइनाताई, माती खाल्ली मी. आत्ता वेलिकाला नेऊन देतो हे, चारचौघांत सांगतो."

"वेलिकाला? तिच्या पायांत राहतील का ते? नीट बघ तरी."

मोजे चांगले दांडगे होते. भट्टीपुढच्या फरशीवर दिवसभर उभं राहणाऱ्यासाठी टाचेला दुहेरी वीण घातली होती.

"सगळ्यांची नावं घेतोस," स्तोइना म्हणाली. "म्हटलं, एकदा तुला स्वतःचंही घेऊ द्यावं."

आहेर कोणाला, एवढं विचारायचंच तो विसरला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आता चौकात पुकारतो, ताई."

"लोक विचारत होते तेव्हा गप्प बसलास. आता कोण विचारतंय?" तिनं दार लावून घेतलं.

दुपारी पावाच्या रांगेपुढे तो अचानक गरजला, "स्तोइना, मिन्चोला, मोजे!"

रांग त्याच्याकडे बघत राहिली.

"बरं," वेलिका म्हणाली, "मला दोन पाव दे."