साहेबांचं पापलेट

मालाडच्या बाजारात मासे विकणारी मावशी नसती तर माझं काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. म्हणून आधी तिचं नाव घेतो.

मी सातवीतून शाळा सोडून कोकणातून आलो, अंधेरीच्या एका ऑफिसात शिपाई झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. दर बुधवारी साहेबांच्या घरी मासे पोचवणं हे वर्षानुवर्षं माझंच काम. घरची सगळी गावाला, मी मालाडच्या खोलीत एकटा. "इथली कामं आटपली की येतो," असं निवृत्तीनंतरही फोनवर सांगत राहिलो. कामं कसली? झोप उडाली होती, छाती धडधडायची. शेजारचा निवृत्त बस ड्रायव्हर सांगायचा, "माझा पाय अजून झोपेत ब्रेकवर जातो यार." तो हसायचा तरी. मला दिवसभर कुणी हाक मारत नसे.

एका बुधवारी सकाळी सवयीनं मावशीकडून मोठं पापलेट घेतलं. चार पावलं गेल्यावर कळलं, द्यायचं कुणाला? पिशवी धरून तिथंच उभा राहिलो.

"काय रे, साहेब रुसले काय?" मावशीनं विचारलं.

"मी रिटायर झालो, मावशी. दोन महिने झाले."

"मग हे कुणाच्या बापासाठी घेतलंस?"

भर बाजारात मला रडू फुटलं.

भवानीचा, म्हणजे दिवसातला पहिला विकलेला मासा कुठलीच कोळीण परत घेत नाही. तिनं घेतला. शेजारणीला म्हणाली, "माझी पाटी बघ गं." मग मला, "माझा नवरा बोटीवर जायचा थांबला, तो भिंतीकडं तोंड करून पडलाय. मी म्हटलं, म्हातारपण आहे. चुकलं माझं. तू चल."

ऐन विक्रीच्या वेळी ती मला सरकारी दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नाव विचारताच मी उठून उभा राहिलो.

"बस रे," मावशी म्हणाली, "हे तुझे साहेब नाहीत."

गोळ्या चालू आहेत. झोप थोडी लागते, थकवा काही जात नाही. बायकोला खरं सांगितलं, तर म्हणाली, "आदी कित्याक नाय सांगितलात?"

मावशीचा नवरा अजून वर्सोव्याच्या घरात तसाच पडून आहे. दवाखान्याचं नाव काढलं की तिच्यावर ओरडतो. मला माझीच अजून खात्री नाही. पण जरा सावरलो की त्याच्याजवळ जाऊन बसेन, रोज बसेन, आणि तो तयार झाला की त्याला मीच डॉक्टरकडे नेईन. मावशीचे उपकार मी एक दिवस असेच फेडीन.