आंटीचं गाणं आणि निरोपाचे शुक्रवार

माझी नोकरी गेली त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एक गाणाऱ्या बाई राहायला आल्या. दोन्हीचं कारण एकच होतं. दुबईत टॉवर बांधायचे थांबले, त्यामुळे ज्या कन्सल्टन्सीत मी टॉवरांची ड्रॉइंग्ज काढत होते तिला माझी गरज उरली नाही. आणि टॉवर बांधणारी माणसं हॉटेलात जेवायला यायची थांबली, म्हणून एका हॉटेलने आपला बँड बंद केला. बँडमधल्या या बाई हॉटेलच्याच खोलीत राहत होत्या. खोली सोडून त्या शारजाला, अल नहदात, आमच्याच मजल्यावर त्यांच्या भाचीकडे आल्या.

पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेले, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि तोंडाने गुणगुणणं चाललेलं. मी पुण्यात लहानपणापासून लग्न होईपर्यंत शास्त्रीय गाणं शिकलेली, त्यामुळे कान आपोआप तिकडे गेला. चाल इंग्रजी होती, पण एका जागी त्यांनी सूर असा सावकाश खाली ओढत आणला की मला राहवलं नाही. आदल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये त्यांना फोनवर मराठी बोलताना ऐकलं होतं, म्हणून सरळ मराठीत म्हणाले, की तुम्ही काय सुरेख मींड घेतलीत.

“मींड-बिंड मला ठाऊक नाय, बाय,” त्या म्हणाल्या. “हे सोल आहे.”

मला फक्त चपलेचा सोल माहीत होता, आणि मी तसं बोलूनही गेले. लिफ्ट आमच्या मजल्यावर आली, दार उघडून पुन्हा मिटायला लागलं, तरी त्या हसतच होत्या. मग त्याच मला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, चहा कर.

त्या दिवसापासून त्या रोज सकाळी आमच्याकडे येऊ लागल्या. माझा नवरा रास अल खैमाच्या सिरॅमिक कारखान्यात होता, तो पहाटेच गाडी घेऊन निघायचा. लेक शाळेत जायची. मी घरात एकटी, ऑफिसला जायच्या वेळी आंघोळ करून तयार होऊन बसलेली. अशा वेळी आंटी आल्या की घर भरल्यासारखं वाटे. सगळी बिल्डिंग त्यांना आंटीच म्हणायची, मीही म्हणू लागले.

त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. वसईजवळच्या एका गावातला जन्म. वडील केळीची वाडी करायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. मोठा भाऊ बोटीवर नोकरीला होता. एका सुट्टीत त्याने रेकॉर्ड प्लेअर आणि थोड्या रेकॉर्डी आणल्या. त्यात अमेरिकेतल्या एका काळ्या बाईचा आवाज होता. हेच ते सोल, तिकडच्या काळ्या लोकांचं गाणं. आंटी तेव्हा गावातल्या मराठी शाळेत होत्या, इंग्रजी जेमतेम अक्षरओळखीपुरतं. गाण्यातला एक शब्द कळेना. ती बाई रडते आहे की हसते आहे, तेही कळेना. ते कळावं म्हणून त्यांनी ती रेकॉर्ड इतक्या वेळा लावली की भावाने शेवटी कंटाळून प्लेअर माळ्यावर ठेवून दिला.

“पण एक गोष्ट मला लगेच कळली,” आंटी म्हणाल्या. “ती एक ओळ टाकते आणि मागच्या बायका ती उचलतात. आमच्या गावात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका गातात ना, तसंच. मी म्हटलं, हे तर आपलंच आहे.”

पुढे त्या मुंबईच्या रेस्टॉरंटांत गायल्या, तिथल्या एका बँडमधल्या गिटार वाजवणाऱ्याशी लग्न केलं आणि त्याच बँडबरोबर सत्तरच्या दशकात दुबईला आल्या. तेव्हा इथे हॉटेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मॅनेजरने सांगितलं होतं, लोकांना जेवता येईल असं हलकं काहीतरी म्हणा. त्या तसंच म्हणायच्या, आणि शेवटचा थोडा वेळ स्वतःसाठी म्हणून सोल गायच्या. पहिल्याच आठवड्यात काट्या-चमच्यांचे आवाज थांबले. मॅनेजर किचनमधून धावत बाहेर आला, त्याला वाटलं भांडण झालं.

आपल्याकडच्या बाईला असं गाताना इथे आधी कुणी ऐकलं नव्हतं. मग इतर हॉटेलांतल्या गाणाऱ्या मुली सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे यायला लागल्या. गोव्याच्या, मनिलाच्या, कोलंबोच्या. शिकून त्या मस्कत, दोहा, बहरीनला गेल्या आणि आंटींची ती सूर खाली आणायची लकब बरोबर घेऊन गेल्या. आंटींची स्वतःची रेकॉर्ड मात्र कधी निघाली नाही. नवरा आजारपणात गेला, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. मी एकदा विचारलं, की तुम्ही इथल्या पहिल्या, याचं तुम्हाला काय वाटतं. त्या म्हणाल्या, पहिली-बिहिली कोण मोजतंय, माझी डाळ करपेल, गॅस बघ.

त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधून दर आठवड्याला कुणी ना कुणी कायमचं परत जात होतं. तळघरातल्या पार्किंगमध्ये सोडून दिलेल्या गाड्यांवर वाळूचा थर बसला होता. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जाणाऱ्याच्या हॉलमध्ये सगळ्यांनी डबे घेऊन जेवायला जमायचं, असा रिवाज पडला होता. बिर्याणी, रसमलाई, आणि सगळे गप्प. पुरुष एकमेकांना विचारायचे, तुझ्याकडे काय परिस्थिती. उत्तर यायचं, बघू या, इन्शाल्ला. बायका जाणारीच्या कार्टनांकडे बघत बसायच्या.

अशाच एका शुक्रवारी मी आंटींना बरोबर नेलं. नागपूरचं एक कुटुंब चाललं होतं. जेवणं झाली, नेहमीची शांतता पसरली, आणि आंटींनी खुर्चीत बसल्याबसल्या मांडीवर ठेका धरला. एक ओळ म्हटली आणि माझ्याकडे बघितलं. मी उचलली. दुसरी ओळ म्हटली आणि कोपऱ्यातल्या मल्याळी नर्सकडे बघितलं. ती चर्चमध्ये गाणारी, तिने खालचा सूर पकडला. थोड्या वेळात अख्खा हॉल टाळ्या देत होता. जाणारा गृहस्थ बँकेत होता, फार शिष्ट माणूस. तो कार्टनवर बसून दोन्ही हातांनी कार्टन वाजवत होता. अझान झाली तेव्हा आम्ही थांबलो, चहा प्यायलो, आणि नमाज संपल्यावर पुन्हा सुरू केलं.

त्यानंतर ज्याला त्याला निरोपाला आंटीच हव्या झाल्या. लोक जायची तारीख ठरली की आधी आंटींचा शुक्रवार मोकळा आहे का ते विचारायचे, मग विमानाचं तिकीट काढायचे. आंटींच्या जुन्या बँडमधली कीबोर्ड वाजवणारी फिलिपिनो बाई आता एका मॉलमध्ये मोबाईल विकत होती. तिला कळल्यावर तीही येऊ लागली. नर्स आणि मी मागे कोरसला. आमची बारा वर्षांची लेक आधी म्हणायची, “मम्मा, प्लीज, सो एम्बॅरसिंग.” मग एके दिवशी दारात उभी राहून ऐकू लागली, आणि मग कीबोर्डशेजारी.

माझं गाणं मात्र आंटींना पसंत नव्हतं. कोरसमध्ये ठीक, पण एकटीने म्हणायला लावलं की त्या मान हलवायच्या. माझे सूर बरोबर असायचे, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तू सूर इस्त्री करून आणतेस, असं त्यांचं म्हणणं. मला राग यायचा. इतकी वर्षं पलटे घासले ते काय उगाच, असं मी एकदा नवऱ्याला म्हटलंही. तो म्हणाला, मला दोघींचंही आवडतं, आणि जेवायला वाढ.

मग माझी समोरच्या दारातली मैत्रीण चालली. आम्ही दोघी एकाच वर्षी इथे आलेल्या. लेकीच्या शाळेची बस चुकली की ती न्यायची, तिचा मुलगा तापला की मी बसायचे. तिच्या नवऱ्याची कंपनीच बंद झाली. तिच्या शुक्रवारी आंटींनी दोन ओळी म्हटल्या आणि माझ्याकडे वळून, आता तू, म्हणाल्या. मी सुरुवात केली. मैत्रीण समोर जमिनीवर बसली होती, मांडीवर मुलगा झोपलेला. तिच्याकडे बघितलं आणि माझा आवाज मधेच फाटला. मी थांबणार होते.

“थांबू नकोस,” आंटी हळूच म्हणाल्या. “फाटला तर फाटू दे. तिथूनच म्हण.”

मी तिथूनच म्हटलं. कुठून आवाज येत होता मला माहीत नाही. घशातून तरी नव्हता. नर्सने आणि कीबोर्डवालीने मला खालून धरलं. मैत्रीण रडत होती आणि हसतही होती, मला वाटतं मीही. संपल्यावर आंटींनी माझ्या पुढ्यात रसमलाईची दुसरी वाटी सरकवली. मैत्रीण आता ठाण्यात असते. अजून फोनवर म्हणते, त्या दिवशी तू गायलीस म्हणून मी विमानात नीट जेवले.

थंडीत नवऱ्याच्या कारखान्याचा वार्षिक मेळावा होता. दरवर्षी त्यांचा मोठा थाट असायचा. यंदा काटकसर म्हणून बाहेरचे कलाकार बोलवायचे नाहीत, असं ठरलं. नवऱ्याने परस्पर सांगून टाकलं की माझ्या घरी बँड आहे. आंटी हे ऐकून खूश झाल्या आणि म्हणाल्या, सगळ्यांनी हिरव्या साड्या नेसायच्या, फिलिपिनोनेसुद्धा. तिला साडी मी नेसवली. नर्सने गजरे आणले. लेकीला पहिल्यांदा कोरसमध्ये घेतलं, ती गाडीत रास अल खैमापर्यंत एकच ओळ घोकत होती.

हॉलमध्ये पुढे मॅनेजर आणि त्यांच्या बायका, मागे भट्टीवरचे, पॅकिंगचे कामगार. कुणी पेशावरचे, कुणी गोरखपूरचे, कुणी सिल्हेटचे. आंटींनी पहिली ओळ टाकली. आम्ही उचलली. हॉल गप्प. पुढच्या रांगांत लोक सौजन्याने माना डोलवत होते. दुसऱ्या गाण्यालाही तेच. मग आंटी माईक घेऊन स्टेजवरून उतरल्या, पुढच्या रांगा ओलांडून सरळ मागे गेल्या आणि एका उंच, दाढीवाल्या पठाणासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“भाईसाब, मैं एक लाइन बोलूँगी,” त्या म्हणाल्या. “आप जवाब दो. आपकी जबान में, जो आता है.”

तो लाजला. शेजारच्यांनी त्याला ढकललं. आंटींनी ओळ म्हटली, सूर तसाच खाली आणत. त्याने डोळे मिटले आणि पश्तोत उत्तर दिलं, भरदार आवाजात, कानावर हात ठेवून. कीबोर्डवालीने लगेच त्याचा सूर धरला. आंटींनी पुन्हा टाकली, त्याने पुन्हा दिली. मग सिल्हेटच्या एकाने माईक मागितला. गोरखपूरवाले तर उभेच राहिले आणि त्यांनी आपल्याकडची बिरह्याची तान टाकली. आम्ही स्टेजवर मधली ओळ धरून ठेवली होती, ती सोडायचीच नाही अशी आंटींची सक्त ताकीद. शेवटी कारखान्याचे मोठे साहेब, एक सीरियन गृहस्थ, कोट काढून खुर्चीवर टाकून नाचायला लागले. “यल्ला, यल्ला” म्हणत त्यांनी माझ्या नवऱ्याला ओढलं. माझा नवरा आमच्या लग्नातसुद्धा नाचला नव्हता. लेक कोरसमधली आपली ओळ विसरून त्याच्याकडेच बघत राहिली.

त्या मेळाव्याची बातमी फिरत फिरत आंटींच्या जुन्या हॉटेलपर्यंत गेली. धंदा पुन्हा सावरत होता. त्यांनी आंटींना शुक्रवारच्या दुपारच्या जेवणाला गायला बोलावलं. आंटींनी अट घातली, की माझ्या कोरससकट. नर्सला ड्युटीमुळे जमेना, कीबोर्डवालीने मोबाईलचं दुकान सोडलं. मला तोवर शारजातच एका छोट्या ऑफिसात काम मिळालं होतं, पण शुक्रवार माझा होता. पुढची काही वर्षं मी आठवडाभर जिने आणि संडासांची ड्रॉइंग्ज काढली आणि शुक्रवारी हॉटेलात आंटींच्या डाव्या हाताला उभी राहिले. कधी कधी मध्येच एखादी बाई उठून स्टेजपाशी यायची आणि आंटींना मिठी मारायची. ती कोलंबोची नाहीतर मनिलाची असायची, आता स्वतः दुसरीकडे गात असायची. आंटींना चेहरे आठवायचे नाहीत, आवाज आठवायचे. दोन ओळी म्हण, मग सांगते तू कोण, असं त्या म्हणायच्या.

मग गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी वसईला परत जायचं ठरवलं. त्यांच्या निरोपाला भाचीच्या हॉलमध्ये माणसं मावली नाहीत, कॉरिडॉरमध्ये, जिन्यात उभी होती. त्या दिवशी त्या स्वतः एक ओळही गायल्या नाहीत. सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या आणि आम्हाला एकेकीला गायला लावलं.

लेक पुढे अल ऐनला शिकायला गेली. तिथे तिने पाच-सहा मुलींचा ग्रुप केला. मी ऐकायला गेले तर एक सुदानी मुलगी पुढे उभी राहून गात होती. तिने सूर जसा खाली आणला, तो मला दारातूनच ओळखू आला. मी लेकीला विचारलं, हे हिला कुणी शिकवलं. ती म्हणाली, “आय डिड. व्हाय, इज इट राँग?”

मागच्या वर्षी आम्ही वसईला त्यांच्या नातलगांच्या लग्नाला गेलो. मांडवात केळीच्या पानांचं तोरण, तांदळाच्या वड्यांचा आणि मटणाचा वास, आणि आंटी ऐंशीच्या घरात, लाल काठाच्या लुगड्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. बँडवाले नेहमीच्या चाली वाजवत होते. आंटींनी काठी आपटून त्यांना थांबवलं, ट्रंपेटवाल्याला जवळ बोलावून कानात काही सांगितलं. त्याने दोनदा चुकीचं वाजवलं, तिसऱ्यांदा जमलं. मग त्यांनी ओळ टाकली. आवाज पातळ झाला होता, पण हलला नाही. गावातल्या बायकांनी ती त्यांच्या बोलीत उचलली, जणू रोजचीच आहे. लेक त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि तिसरा सूर लावला.

मी उभी होते तिथूनच गाणार होते, तर आंटींनी हाताने खूण करून मला शेजारी बोलावलं.

“इकडे ये,” त्या म्हणाल्या. “तू डाव्या हाताची.”