ग्रीन टी आणि रक्ताची गोळी

शेवगावहून सकाळची एसटी धरली तेव्हा पिशवीत हुलगे (कुळीथ), गुळाची ढेप आणि माझी चहापूड होती. माझी नात ज्योती सुप्याला राहते. सातवा महिना, त्यात रक्त कमी झालेलं. सोमवारी परत तपासणार आणि वाढलं नसेल तर बाहेरचं रक्त चढवणार, असं तिनं फोनवर सांगितलं. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. मग मीच निघाले.

करंजी घाटात डोंगर उघडेबोडके झाले होते. शेजारच्या बाईला मी नातीचं सांगितलं.

"माझी सून ग्रीन टी पिती," ती म्हणाली. "लई उतरली."

"वजन उतरलं का तोंड?"

तिनं मान खिडकीकडे फिरवली.

नगरला गाडी बदलली. सुप्यात ड्रायव्हरनं थांबा सोडून पुढं उतरवलं. उन्हात मागं चालताना पिशवीचा बंद तुटला आणि निम्मे हुलगे रस्त्यावर सांडले. हाताला आले तेवढे भरले. लांब टेकडीवर पवनचक्क्या फिरत होत्या. खाली वाऱ्याची झुळूक नव्हती.

ज्योतीनं दार उघडलं ते भिंतीला धरून. एवढ्यानंच धाप लागली होती. तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरं.

संध्याकाळी तिचा नवरा नितीन कंपनीतून आला. त्यानं गरम पाण्यात ग्रीन टीच्या पुड्या सोडल्या.

"डॉक्टरीणबाई म्हनल्या, साखर काठावर हाय. म्हनून गोड चहा बंद केला," तो म्हणाला. "ह्यात साखर न्हाई, दूध न्हाई. अंग हलकं राहतं, हुशारी वाटती."

मी घोट घेतला. गवत उकळल्यासारखा लागला. ज्योतीनं जेवून झाल्यावर त्याच चहाच्या घोटानं रक्ताची गोळी (लोहाची) गिळली.

"यानं रक्त व्हतं का?" मी विचारलं.

"रक्त गोळीनं व्हतं, आजी. पन तुमच्या गोड चहापेक्षा हे बरं हाय."

मी कप बाजूला सारला. सकाळी तो कामावर गेल्यावर ग्रीन टीचा खोका कपाटावर टाकला आणि माझा चहा ठेवला. साखर चिमूटभरच घातली. सकाळी नुसत्या पाण्यानं गोळी घेतली की ज्योतीला मळमळायचं, म्हणून ती चहाबरोबर दिली. रात्रीची गोळीसुद्धा तशीच.

"आजी, यांना कळलं तर?"

"कळू दे. त्याला काय कळतंय बाळंतपनातलं."

चार दिवस असं चाललं. रोज माडगंही (हुलग्याच्या पिठाची गुळाची पेज) वाटीभर पाजलं. रविवारी न्हाणीच्या दारात तिला चक्कर आली. मी मागं होते म्हणून खाली पडली नाही. त्या दिवशी नितीन माझ्या चहाला दोष देत होता आणि मी त्याच्या ग्रीन टीला.

सोमवारी दवाखान्यात रक्त आणखी थोडं उतरलेलं निघालं. नर्सनं विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?"

"आधी ग्रीन टीनं. आता आजीच्या चहानं," ज्योती म्हणाली.

"कुठल्याच चहानं घ्यायची नाही. गोळीतलं लोह अंगाला लागत नाही."

"दुधाचा असला तरी?" मी विचारलं.

"तरी."

नितीननं माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कारण कळलं, तर रक्त आत्ताच चढवत नाही. पंधरा दिवस बघू. गोळी लिंबूपाण्यानं घ्या. चहा कुठलाही असो, दोन तासांचं अंतर ठेवा. चक्कर आली तर त्याच पावली इकडे या." ग्रीन टीला त्यांनी नाव ठेवलं नाही. साखर टाळायला बिनसाखरेचा एखादा कप चालेल, पण जास्त नको, असं म्हणाल्या. गूळसुद्धा बंद केला. माडगं मग मिठाचं झालं.

ते पंधरा दिवस मी ज्योतीच्या पांढऱ्या नखांना लाली येते का, ते बघत काढले. मळमळलं तरी तिनं गोळी लिंबूपाण्यानंच घेतली. पुढच्या तपासणीत रक्त वाढलेलं निघालं. चढवायची गरज नाही म्हणाल्या. नितीन मला गाडीत बसवायला आला आणि गाडी हलेपर्यंत थांबला.

ग्रीन टी चांगला की वाईट, यावर भांडण्यात मी चार दिवस घालवले. दोन्ही चहांनी नातीचं रक्त उपाशी ठेवलं. तिच्या जिवाशी माझा हट्ट खेळला, दुसरं काही नाही.

गावी पोचल्यावर घराचं कुलूप न काढता शेजारणीच्या गरोदर सुनेकडे गेले. गोळी कशाबरोबर घेतेस, विचारलं.

"चहाबरोबर, आजी. मळमळत न्हाई म्हनून तुमीच सांगितलं हुतं."

"चुकीचं सांगितलं हुतं," मी म्हणाले आणि तिच्या हातातला कप काढून घेतला.