नाक्यावर अडकलेले तोडे

आमगावच्या बाजारात बिसराम सोनाराचा ओटा होता. आसपासच्या गावांतल्या बाया त्याचं नाव काढायच्या ते त्याच्या उजळ्यासाठी. चांदी कितीही काळी पडलेली असो, चिंचेच्या आणि रिठ्याच्या पाण्यात घालून तो ती अशी घासायचा की बाईला आपलाच दागिना ओळखू येऊ नये. माणूस कमी बोलणारा, देवभोळा आणि वजनाला पक्का. निदान लोक तसं म्हणायचे. लोकांनी तसं म्हणावं म्हणून बिसरामनं आयुष्याची तीस वर्षं घातली होती.

चैत्रातल्या एका दुपारी कवडू त्याच्या ओट्यापुढे येऊन उभा राहिला. हा बिसरामची जुनी गिऱ्हाईक जमुनाबाई हिचा भाऊ. अंगरखा घामानं चिकटलेला आणि बैलांच्या तोंडाला फेस.

"चाल बिसराम, गाडीत बस. बाईचे तोडे नाक्यावर धरले."

"कायचे तोडे?"

"तूच उजळून देल्ले ते! चाल ना गा, बेरा नाही आता, दिवस बुडाच्या आत पोचाचं आहे."

बिसरामच्या हातातली फुंकणी खाली पडली. ती उचलून त्यानं हत्यारांच्या थैलीत घातली आणि गाडीत चढला.

वाटेत कवडूनं सगळं सांगितलं. त्या काळी इंग्रजांचा मुलूख बाघ नदीपाशी संपायचा. पलीकडे एका संस्थानाची हद्द लागायची आणि हद्दीवर जकातीचा नाका होता. जमुनाबाईची मुलगी शामकला पलीकडच्या गावी दिलेली. लहानपणीच लग्न झालं होतं, आता पाठवणी होती. बाप वारलेला, म्हणून आई आणि मामाच तिला सोडायला निघाले होते. पायातल्या तोड्यांची जोडी द्यायचं लग्नातच ठरलेलं. सासूनं निरोप धाडला होता की तोडे आले तरच मुलगी उंबरठा ओलांडेल, नाहीतर आल्या पावली परत जाईल. त्या घरची रीतही अशी की सासूनं आपल्या हातानं तोडे सुनेच्या पायात घालायचे. म्हणून ते मुलीच्या पायात नव्हते, नव्या लुगड्यात गुंडाळून गाठोड्यात ठेवले होते.

तिथंच घात झाला. अंगावरचा दागिना नाक्यावर माफ होता, पण गाठोड्यातला नवा दागिना म्हणजे व्यापाराचा माल. गेल्याच आठवड्यात कुणा व्यापाऱ्यानं बायांच्या गाठोड्यांतून चांदी पलीकडे नेली होती, म्हणून नाक्यावरचा मुंशी डोळ्यांत तेल घालून होता. त्यानं लुगडं उलगडलं तर आत लखलखीत तोडे!

"बाई सांगून राहिली, माह्या लग्नातले होत म्हनून," कवडू चाबूक ओढत म्हणाला. "तो म्हनते, तीस सालाची चांदी अशी चमकन का? बनवनाऱ्याले आना, जुने होत हे त्यानं पटवून द्यावं. दिवस बुडाला का पेटीले सील लागते, आन सकाळी पेटी राजधानीले जाते. मंग सहा महिने पाह्यत बसा."

बिसराम गाडीच्या दांडीला धरून बसला होता. चैत्राच्या उन्हात त्याला हुडहुडी भरली होती.

कारण ते तोडे त्याला पाठ होते. ते घडवले तेव्हा तो विशीतला पोरगा होता. बाप नुकताच गेलेला आणि ओटा एकट्याच्या अंगावर पडलेला. जमुनाच्या बापानं घरातले जपून ठेवलेले चांदीचे रुपये आणून दिले आणि म्हणाला, "भरीव कर बाबू, माही एकच पोरगी आहे." बिसरामनं तोड्यांच्या पोटात तांब्याचा गज घातला, वरून चांदी मढवली आणि उरलेल्या चांदीची आपल्या बायकोला पैंजणं केली. बायको दहा वर्षांपूर्वी गेली. तांबं तोड्यात तसंच राहिलं.

नवरा वारल्यावर जमुनाबाईनं तोडे उतरवून धानाच्या कोठीत पुरून ठेवले. महिन्यापूर्वी ते काळेठिक्कर होऊन बिसरामच्या ओट्यावर आले, तेव्हा त्याला घाम फुटला. पण सांगायची हिंमत झाली नाही. त्यानं नुसतं घासलं. तीन दिवस घासलं, ठोकर लागून पडलेले खळगे भरले, कडा तासल्या, जणू घासून घासून आतलं तांबंही निघून जाणार होतं. मजुरी घेतली नाही. जमुनाबाईला वाटलं, किती भला माणूस!

नाक्याची झोपडी पलीकडच्या काठावर होती. गाडी पोचली तेव्हा ऊन कललं होतं. शामकला पिवळ्या लुगड्यात झाडाखाली बसून होती, रडून डोळे सुजलेले. जमुनाबाई मुंशीच्या समोरच उभी होती, पेटीवरून नजर न हलवता. बिसरामला पाहताच तिच्या जिवात जीव आला.

"आला माहा भाऊ! आता इचारा त्याले."

मुंशी म्हातारा होता, वाईट माणूस नव्हता. त्यानं तोडे चटईवर ठेवले. "तुमने बनाया?"

"हो जी. तीस साल झाले."

"निशानी?"

"आतून माझा ठसा आहे."

मुंशीनं तोडा उजेडात धरून फिरवला. बिसरामनंही वाकून पाहिलं. ठसा नव्हता. महिन्यापूर्वी कडा तासताना त्यानं स्वतःच्या हातानं तो घासून टाकला होता.

"और कोई निशानी?"

 निशाणी होती. जगात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, आणि म्हणूनच ती पक्की होती.

"सांग ना गा," कवडू खेकसला. "काऊन मुका झाला?"

पेटीच्या सीलसाठी शिपायानं लाखेची कांडी दिव्यावर धरली. सूर्य पलीकडच्या झाडांत उतरत होता. सांगावं तर कवडूच्या तोंडून उद्या सकाळी अख्ख्या बाजारात होणार, त्या ओट्यावर पुन्हा कुणी चिमूटभर चांदी आणणार नाही. न सांगावं तर कुणालाच काही कळणार नाही. पोरगी तेवढी परत जाईल. एवढंच. बिसरामनं खरोखर असा विचार केला, आणि त्याची त्यालाच किळस आली.

जमुनाबाई जवळ आली. हळूच म्हणाली, "बिसराम भाऊ, आठव ना जरा. तू सांगशीन तेच खरं राहीन."

हे शब्द त्याला लागले. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यानं कदाचित गप्प राहून निभावून नेलं असतं.

"कापा तो तोडा," तो म्हणाला. "आत तांब्याचा गज आहे, करंगळीएवढा. दोन्ही तोड्यांत आहे. मीच घातला, हिच्या लग्नाच्या वेळी. चोरी केली मी."

 मुंशीनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तुम ही काटो."

बिसरामनं थैलीतून छिन्नी काढली. पहिला घाव चटईवर गेला. दुसऱ्या घावाला चांदी फाटली, तिसऱ्याला आत लाल दिसलं. करंगळीएवढंच.

मुंशीनं मान डोलावली. "खोट का पता वही देगा जिसने मिलाई हो, और अपनी चोरी कोई झूठमूठ नहीं कबूलता." त्यानं वहीतली नोंद खोडली आणि तोडे जमुनाबाईपुढे सरकवले. "ले जाओ, बाई. तुम्हारे ही हैं."

कवडूनं बिसरामची गचांडी धरली. "हरामखोरा! तीस साल आमच्या घरी जेवला तू!"

"सोड त्याले," जमुनाबाई म्हणाली.

"बाई, सोडू कसा?"

"सोड म्हनते ना! दिवस बुडून राहिला." तिनं कापलेला तोडा उचलला आणि बिसरामच्या पुढ्यात ठेवला. "झाक हे."

"बाई, मी नवे करून देतो. भरीव. माझं घर विकून..."

"तिची सासू आज दारात उभी आहे. झाक."

शिपायांच्या चुलीत निखारे होते. बिसरामनं स्वतःच्या बोटातली चांदीची अंगठी काढून तिचे तुकडे केले आणि फुंकणी लावली. इतकं बारीक काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. ज्या पापाची कबुली देऊन घटकाही झाली नव्हती ते पुन्हा झाकायला तोच बसला होता, आणि जिचं चोरलं तीच शेजारी बसून नीट झाकतो की नाही ते बघत होती. धुरानं की कशानं, त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायलाही हात रिकामा नव्हता.

चीर बुजली. त्यानं तोडा पाण्यात विझवला, घासला आणि तिच्या हातात दिला.

जमुनाबाईनं तो उजेडाकडे धरला. "आता कोनाले दिसन का?"

"कोनालेच नाही, बाई."

"मले दिसन ना, भाऊ," ती म्हणाली.

तोडे लुगड्यात बांधून ती लेकीला घेऊन गाडीत बसली. बिसराम विझत्या चुलीपाशी तसाच बसून राहिला. ती अजूनही त्याला भाऊच म्हणाली होती, आणि तेवढंच त्याला सोसत नव्हतं.