वाजवणारे थांबले तेव्हा

परभणीच्या सभागृहात पुण्याहून व्हायोलिन आणि चेलो, म्हणजे जमिनीवर टेकवून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवणारे दहा-बारा जण आले होते. असलं वादन ऐकायला मी पिंगळीहून मुद्दाम गेलो. पहिली रचना तीन भागांची होती. पहिला भाग संपला, दुसऱ्यासाठी त्यांनी गज उचलले, पण मधे थांबल्यामुळं सूत्रसंचालकाला वाटलं, संपलं सगळं. त्यानं माइक ओढून मान्यवरांचे सत्कारच सुरू केले. एकेकाला शाल, नारळ, फेटा, मग फोटो. वाजवणारे गज मांडीवर ठेवून बसून राहिले. एक पुढारी तर शाल काखेत मारून थेट गाडीकडं गेला आणि त्याच्यामागं पुढची अर्धी रांग उठली. मला शिसारी आली. शेजारच्या मित्राला मी म्हणालो, "लाज न्हाई का वाटत यांना? वाजवणं ऐकायला आलेत का नारळ न्यायला?"

तेवढ्यात माइकवरून माझंच नाव पुकारलं, निवृत्त मुख्याध्यापक म्हणून. मी उठलो. फेटा बांधून घेतला, फोटोसाठी थांबलो, हसलोसुद्धा. नारळ घेऊन परतताना चेलोवाल्या बाईंनी आपलं वाद्य जवळ ओढून मला वाट करून दिली.