डिलमानची पाठवणी

डिलमान छंत्यालला सायकल धड चालवता येत नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. नेपाळात बागलुंगच्या डोंगरात त्याचं गाव अशा चढावर आहे की तिथे सायकल नेली तर ती खांद्यावरूनच न्यावी लागेल. जपानात तो आला तो नान भाजायला. तिथल्या गिऱ्हाइकांना नान ताटाबाहेर लोंबणारा लागतो, आणि तसा नान गुन्मा प्रांतातल्या त्या गावात एकटा डिलमानच काढायचा. खोली मात्र हॉटेलपासून लांब होती. रोजच्या चालण्यानं त्याचे पाय भरून यायचे.

घरमालकीण कुरिहारा आजीला ते बघवेना. तिचा नवरा वारल्यापासून त्याची सायकल शेडमध्ये पडून होती.

"घेऊन जा रे बाबा," आजी म्हणाली. "ते तर काही आता उठून चालवणार नाहीत."

डिलमाननं सायकल घेतली. जपानात प्रत्येक सायकल मालकाच्या नावानं पोलिसांत नोंदलेली असते, आणि दुसऱ्याला देताना ते नाव बदलून घ्यावं लागतं. आजीच्या ते डोक्यातच आलं नाही. डिलमाननं विचारावं कशाला, त्याला तोल सांभाळणंच पुष्कळ होतं.

त्या तोलापायीच तो सापडला. झोकांड्या खाणारी सायकल बघून पोलिसानं त्याला थांबवलं आणि चौकीला सायकलचा नंबर कळवला.

"मालक कुरिहारा मोरिओ. तुम्हीच का?"

"नाही साहेब. ते वारले."

पोलिसाचा चेहरा गंभीर झाला. साधी चोरी समजू शकते, पण मेलेल्या माणसाची!

आजी नेमकी तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होती. पोलिसांनी ओसाकात तिच्या मुलाला, तोशिकीला फोन लावला. तो म्हणाला, बाबांची सायकल शेडमध्येच आहे, कुणाला दिलेली नाही. तसं त्यानं लिहून दिलं आणि खाली तिथे सहीऐवजी मारतात तो आपल्या नावाचा शिक्काही मारला. आजी काठी टेकत चौकीवर पोचली, तोवर गाडं पुढे गेलं होतं, डिलमान कोठडीत होता.

"मीच दिली हो त्याला!" आजी ओरडली.

"खरं आहे आजी," साहेब अदबीनं म्हणाले, "पण वारसाहक्कानं अर्धी सायकल तुमच्या मुलाची."

आजीनं तिथूनच तोशिकीला फोन करून झाप झाप झापलं. चूक त्याला कळली. पण मघाशी शिक्का मारलेलं आता मागे घ्यायचं म्हणजे पोलिसांना केवढा त्रास! तो फोनवरच वाकून म्हणाला, "आई, त्या साहेबांनी एवढी मेहनत घेतलीय. त्यांना कसं तोंड दाखवू?" साहेबांना तोंड दाखवता यावं म्हणून दुसऱ्याला कोठडीत सडू देणाऱ्या या सभ्यपणाला काय म्हणावं!

कोठडीतले साहेबही प्रेमळच होते. रोज समजूत घालायचे.

"कबूल करून टाका, छंत्याल-सान. माफी मागा. संध्याकाळी घरी जाल."

"पण मी चोरली नाही."

"बरं, नाही चोरली. मग कबूल करायला काय हरकत आहे?"

"गावी माझी आमा आहे साहेब. पोरगा चोर निघाला हे ऐकून ती जेवायची नाही."

नाही म्हणणारा माणूस बाहेर सोडला तर पुरावा बिघडवतो, असा तिथला समज. आता उभ्या सायकलचं तो काय बिघडवणार होता, देव जाणे. डिलमान नाही नाही म्हणत राहिला आणि आतच राहिला. तेवढ्यात त्याच्या व्हिसाची मुदत संपली.

कोर्टात त्याच्या वकिलानं विचारलं, मुलाच्या वाट्याची अर्धी सायकल कुठली, पुढची की मागची? सरकारी वकिलानं यावर विचार करायला वेळ मागून घेतला. शेवटी न्यायाधीशांनी डिलमानला निर्दोष सोडलं आणि तब्येत सांभाळा असंही सांगितलं. आजी रडली. तोशिकीनं सगळ्यांची माफी मागितली, एका डिलमानला सोडून.

दारातच परदेशी लोकांच्या खात्याचे दोघे जण उभे होते. दोघंही कमरेत वाकले.

"अभिनंदन. चला."

"कुठं?"

"आमच्या कोठडीत. तुमचा व्हिसा संपलाय. नवा करायला आला का नाहीत?"

"मी आत होतो हो! तुम्हीच ठेवलं होतंत!"

"आम्ही नाही. ते पोलीस. आमचं खातं वेगळं."

आजी भेटायला आली ती काचेपलीकडून. तिनं सायकल रीतसर डिलमानच्या नावावर करून आणली होती. "आता कुणाची हिंमत आहे तुला हात लावायची!" ती म्हणाली. डिलमानला हसावं की रडावं कळेना. पुढे त्याला विमानात बसवलं, आणि बसवताना सांगितलं की आता पाच वर्षं यायचं नाही.

गावात बातमी त्याच्या आधी पोचली होती. चौतारीवर, म्हणजे गावच्या पिंपळाच्या पारावर, सगळे जमले.

"मग हाकललं कशापायी?" चुलत्यानं विचारलं.

"निर्दोष सुटलो म्हणून."

पिंपळाखाली असा हशा पिकला की कावळे उडाले. डिलमाननं पहिल्यापासून सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं.

"हे बघ," चुलता म्हणाला, "गाडीला जरा उशीर झाला तर माफी मागणारी ती माणसं. ती बिनगुन्ह्याच्या माणसाला हाकलतील होय? थापा मारायच्या तर बेतानं मार."

जपानबद्दल डिलमानचंही मत तेच होतं.

घरी येऊन आमानं नाचणीच्या पिठाचा घट्ट ढिंडो रांधला, गुंद्रुकचा, म्हणजे सुकवलेल्या आंबट पाल्याचा, रस्सा केला आणि त्याच्यासमोर बसली.

"बाबू, एक विचारू?"

"विचार."

"लांब होतं का रे फार? पाय दुखायचे?"

डिलमाननं वर पाहिलं. आमाच्या तोंडावर ना राग होता ना शंका. तिनं त्याला कधीच माफ करून टाकलं होतं. आता चोरली नाही म्हटलं तर पोरगा आपल्याशीही खोटं बोलतोय, एवढंच तिच्या मनात राहिलं असतं. आणि ते त्याला सोसलं नसतं.

"हो आमा," तो म्हणाला. "फार लांब होतं."

"मग घेतलीस तर घेतलीस," आमा म्हणाली. "जेव आता."

आणि स्वतःचंही ताट वाढून घेऊन ती त्याच्याशेजारी जेवायला बसली.