वाघमाऱ्यांना शोभेल असं नाव

हैदराबादच्या अंबरपेठेतल्या मराठी घरांत पोर जन्मलं की मिठाईच्या आधी सूर्यभान वाघमाऱ्यांना निरोप जायचा. आबिड्सच्या पोस्टात जन्मभर पत्रं लावता लावता त्यांच्या जिभेवरून हजारो नावं घासून गेली होती. त्यांचा नियम सोपा: आडनाव लांब, तर नाव आखूड. सुचलेलं नाव ते आडनावासकट दारातून हाक मारून बघत. गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत हाक अडखळली की नाव बाद. समोरच्या तेलुगू बाई आधी घाबरून दार उघडायच्या; पुढे त्याही ‘बागुंदी’ म्हणून पसंती कळवू लागल्या.

स्वतःला नातू झाला तेव्हा महिनाभर गल्लीचे कान किटले. शेवटी ‘सुगत वाघमारे’ ठरलं. हाक अशी, की उतारावर सायकल सोडावी!

नामकरणाच्या सकाळी मुलगा आदर्श जवळ आला. नव्यानं निघालेल्या सॉफ्टवेअर कंपनीत होता तो.

“बाबा, दाखल्यावर आडनाव नाही लावलं. सुगत आदर्श केलंय. इथं कितीतरी लोक असंच लावतात.”

“का रे? लाज वाटती का?”

“इथल्या लोकांचं काही नाही हो. त्यांना वाघमारे काय अन् देशमुख काय, सारखंच. पण कंपनीत आता पुण्याचे साहेब आलेत. आडनाव ऐकलं अन् विचारले, कुठले? म्हटलं, नांदेडकडचे. म्हणे, ते झालं, पण म्हणजे कोण? दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा वेगळ्या टेबलावर.”

“मग तू काय म्हणलास?”

“काय म्हणू? माझा डबा धुतला अन् कामाला बसलो.”

सूर्यभान म्हणजे हैदराबादेत आणखी चार मराठी माणसं यावीत म्हणून जन्मभर आसुसलेला गडी. नव्या जमान्यानं आणून दिली, ती अशी.

बुद्धवंदना झाली. बायकोनं, पार्वतीबाईंनी, नातू त्यांच्या हातात दिला. “मारा की हाक. सगळे थांबलेत.”

ते दारात गेले. “सुगऽऽत,” म्हणाले आणि थांबले. ओठांवर आलेलं आडनाव त्यांनी गिळलं. “आदऽऽर्श!”

“अन् वाघमारे?” पार्वतीबाईंनी विचारलं.

“बसत नाही.”

“अवो, महिनाभर तर बसत होतं!”

“आता नाही बसत. लई लांब पडतं.”

या बाबतीत सूर्यभानांचा शब्द अंबरपेठेत कुणी मोडत नसे. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि पेढे उचलले.